नातेवाइकांना कळवल्यानंतर

नागपूर पोलिसांच्या जनसंपर्क कक्षात एक फौजदार होते. पुढे ते सहायक निरीक्षक झाले, निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांच्या बदल्या झाल्या, कधी ठाण्यात, कधी वाहतूक शाखेत. पण काही वर्षांनी ते फिरून त्याच खोलीत, त्याच टेबलामागे दिसायचे. मी त्यांना साहेब म्हणायचे. ते मला सुरुवातीला ‘मॅडम’ म्हणाले, आणि ओळख झाल्यावर कायम ‘पोरी’. नाव लिहिण्याची परवानगी त्यांनी मला दिलेली नाही. त्यांनी काढलेल्या प्रेसनोटवर मी माझी बरीच वर्षं बातम्या केल्या, आणि त्या सगळ्या बातम्यांत ते ‘पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार’ या तीन शब्दांच्या आतच राहिले.

नागपूरला पोलीस आयुक्तालय १९६५ साली आलं. मोठी घटना घडली की आयुक्त स्वतः बोलतात, किंवा प्रवक्ता म्हणून नेमलेले उपायुक्त बोलतात. रोजचं बोलणं मात्र जनसंपर्क कक्षातून चालतं. रात्रभरात शहरात जे घडलं ते ठाण्याठाण्यांतून कंट्रोल रूमला येतं, तिथून सकाळी या टेबलावर. चोऱ्या, मारामाऱ्या, अपघात, बेपत्ता माणसं, विहिरीत सापडलेली प्रेतं. त्यातून शहराला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं आणि काय अजून सांगायचं नाही, हे ठरवणारा माणूस तिथे बसलेला असतो. साहेब ठाण्यातून आलेला प्रत्येक कागद पूर्ण वाचायचे. शंका आली की ठाणेदाराला फोन लावायचे. ‘आरोपीने कबुली दिली’ असं कोणी लिहून पाठवलं की त्या ओळीवर त्यांची लाल रेघ हमखास. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, मग ती पेपरात छापून आपण काय मिळवतो, असं ते विचारायचे. ओळख परेड व्हायची असेल तर आरोपीचा फोटो काढू द्यायचे नाहीत. साक्षीदाराने पेपरात चेहरा पाहिला की परेडला अर्थ उरत नाही आणि बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, हे आम्हा नवख्यांना त्यांनी समजावून सांगितलं होतं.

मी क्राइम बीटवर आले तेव्हा नागपुरात या बीटवर मुली जवळजवळ नव्हत्याच. ठाण्यात गेलं की हवालदार आधी विचारायचा, ‘तक्रार काय आहे ताई?’ साहेबांनी एका दिवशी शहरातल्या ठाण्यांना फोन करून सांगितलं की ही वार्ताहर आहे, हिला इतरांसारखीच माहिती द्या. एवढंच. त्यानंतर मला कोणी दारात थांबवलं नाही. हे त्यांच्याकडून मिळालेलं पहिलं देणं, आणि मोजायला सगळ्यात सोपं.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन सुरू होतं आणि अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. विदर्भाच्या गावागावांतून माणसं आली होती, बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवला गेला, आणि संध्याकाळी झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि मुलं सर्वाधिक. पोलिसांच्या लाठीमारामुळे ती चेंगराचेंगरी झाली, असं समाजाचं म्हणणं तेव्हा होतं आणि आजही आहे. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आता आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे, झिरो माइलजवळ स्मारक आहे, दर २३ नोव्हेंबरला तिथे माणसं येतात.

त्या रात्री शवागाराबाहेर एका टेबलावर साहेब याद्या करत बसले होते. आम्हाला आकडा हवा होता, तो ते देत होते. नावं हवी होती, ती मात्र एकेक करून. प्रेताजवळ नातेवाईक गेला, त्याने ओळखलं, त्याला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि मग ते नाव आमच्याकडे आलं. पानं थांबली होती, संपादकांचे निरोप येत होते, आणि ते हलत नव्हते. लोक त्यांच्या गणवेशाकडे बघून शिव्या देत होते. ज्या खात्यावर आरोप होता त्याच खात्याचा माणूस समोर बसलेला, लोकांनी दुसरं काय करावं? त्यांनी कोणालाही उलट उत्तर दिलं नाही. मला एवढंच म्हणाले, ‘कोणाच्या मायला पेपर वाचून कळलं असं व्हायला नको.’ मी ते वाक्य ऐकलं आणि कामाला लागले. त्याचं वजन कळायला मला माझ्या घरातलं माणूस जावं लागलं.

१९९९ चा पावसाळा. माझा धाकटा भाऊ हिंगणा एमआयडीसीत नोकरीला होता. आईबाबा आर्वीला. रात्री मी ऑफिसात बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान लावत होते, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. ‘पोरी, कुठे बसून आहेस? खुर्चीवर आहेस ना?’ मग त्यांनी सांगितलं की अमरावती रोडला ट्रक आणि दुचाकीचा अपघात झाला आहे, खिशातल्या ओळखपत्रावर भावाचं नाव आहे, ते स्वतः रुग्णालयात जाऊन बघून आले आहेत, आणि तो गेला. ‘सीरियस आहे’ असं त्यांनी म्हटलं नाही. आपल्याकडे मरणाची बातमी अशीच सांगतात: सीरियस आहे, लवकर या. माणूस शंभर किलोमीटर आशा धरून येतो आणि दारात पोचल्यावर त्याला कळतं. त्यांनी ती आशा मला दिली नाही, याबद्दल मी आजही त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते.

मग म्हणाले, ‘आर्वीच्या ठाण्यातून माणूस पाठवायचा रिवाज आहे. पण वर्दी दारात दिसली की म्हाताऱ्या माणसाला तिथेच सगळं कळून जाते. तू जातेस का? गाडीचं मी बघतो. तू पोचून कंट्रोलला फोन करेपर्यंत नोटेत नाव नाही जाणार.’

जीप अमरावती रोडनेच गेली. कोंढाळी, कारंजा, तळेगाव, आर्वी. पाऊस होता. घरी पोचले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. दार बाबांनी उघडलं. पुढचं मी लिहीत नाही. शेजारच्या घरून मी कंट्रोलला फोन केला आणि निरोप ठेवला.

दरम्यान नागपुरात काय झालं ते मला नंतर दुसऱ्या एका पेपरातल्या सहकाऱ्याने सांगितलं. पानं सोडायच्या वेळेला सगळ्यांनी कक्षात फोन लावले होते. साहेबांनी प्रत्येकाला तेच सांगितलं: नाव माहीत आहे, नातेवाइकांना कळवल्यानंतर देऊ. ‘ओळख पटली नाही’ असं सांगून विषय संपवता आला असता. ते खोटं बोलले नाहीत. रुग्णालयातून नाव कळलेला एक वार्ताहर होता, त्यानेही ते छापलं नाही. सकाळी आर्वीला पेपर आला. बाबांनी ती बातमी वाचली. तिच्यात फक्त सव्वीस वर्षांचा एक दुचाकीस्वार होता.

नोटेचा मूळ मसुदा मी पुढे केव्हातरी पाहिला. ठाण्यातून आलेल्या कागदावर ‘भरधाव वेगात असलेला दुचाकीस्वार’ असं होतं. अपघाताच्या बातमीत हे शब्द सवयीने येतात. साहेबांनी ते खोडून कडेला लिहिलं होतं, ‘वेग कोणी मोजला?’ माझ्या भावाची चूक होती की नव्हती, हे पुढे न्यायालयात ठरायचं होतं. ते ठरण्याआधी पेपरात त्याच्यावर दोष लागला नाही, आणि आईला शेजारणींसमोर त्याची बाजू मांडत बसावं लागलं नाही.

मला वाटलं होतं, हे माझ्यासाठी केलं. ओळखीचा माणूस, रोजचं जाणं-येणं. कामावर परत गेल्यावर मी ऑफिसातल्या जुन्या नोटांच्या फायली काढून बसले. तीच ओळ, ‘नातेवाइकांना कळवल्यानंतर नाव देण्यात येईल’, जागोजागी होती. बालाघाटकडून कामाला आलेला एक मजूर बांधकामावरून पडून गेला होता. त्याचं नाव दोन दिवसांनी आलेल्या नोटेत होतं, कारण तिकडच्या पोलिसांना त्याच्या गावी पोचायला तेवढा वेळ लागला. त्या मजुराची बातमी कोणी मागितली नव्हती, त्याच्यासाठी कोणी फोन करणार नव्हतं. त्याच्यासाठीही ते थांबले होते. मला सवलत मिळाली नव्हती, आणि हे कळल्यावर माझं देणं कमी झालं नाही, वाढलं.

मी त्यांना विचारलं की हे त्यांना कोणी शिकवलं. ते वडशाचे. देसाईगंज म्हणा की वडसा, गाव एकच. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचं गाव, राइस मिलचं गाव. त्यांचे वडील मिलमध्येच होते. आणि त्याच गावच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. साहेब तेव्हा शाळकरी पोरगा होते.

खटल्याचं पुढे काय झालं ते कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, असं म्हणून. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा आला. त्याच दुरुस्तीत भारतीय दंड विधानात २२८ अ हे कलम आलं: पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा. आता नव्या न्याय संहितेत ते ७२ व्या कलमात आहे.

तो कायदा जिच्यामुळे आला तिला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. तिचं नाव खटल्याला लागलं आणि पुस्तकांत, भाषणांत, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत कायमचं राहिलं. साहेब म्हणाले होते, ‘देशात ते नाव केसचं आहे. आमच्या गावात ते पोरीचं होतं. चौकातून जाताना तिला कसं वाटत असेल, हे मी पोरगा असतानाही पाहिलं आहे.’ ते पोलिसांत भरती झाले तेव्हा गावातल्या काहींनी त्यांच्या वडिलांशी बोलणं टाकलं होतं. तरी ते गेले. त्यांच्याकडून मी एवढंच ऐकलं. ते या विषयावर पुन्हा बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

पण त्यांच्या नोटा मी यानंतर वेगळ्या नजरेने वाचू लागले. अत्याचाराच्या बातमीत नाव गाळणं सोपं असतं. साहेब वस्तीचं नाव गाळायचे, शाळेचं गाळायचे, बापाचा धंदा गाळायचे. अमुक वस्तीत पंक्चरच्या दुकानवाल्याची नववीतली मुलगी, एवढं लिहिलं की वस्तीतल्या प्रत्येकाला ती कोण हे कळतं, मग नाव लपवून काय साधलं? आरोपी नात्यातला असेल तर आरोपीचं नावसुद्धा थांबवायचे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात नेमकं हेच सांगितलं: ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे, ओळख पटेल असा कोणताही तपशील. निकालाच्या दिवशी मी त्यांना फोन केला. ते त्याच वर्षी निवृत्त झाले होते.

त्यांचं ऋण सांगताना मी त्यांच्या खात्याची वकिली करणार नाही, कारण त्यांनीही माझ्याकडून तशी अपेक्षा कधी ठेवली नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपुरातल्या कस्तुरबा नगर वस्तीतल्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला न्यायालयाच्या इमारतीत ठार केलं. वर्षानुवर्षं त्या वस्तीत त्याची दहशत होती आणि पोलीस तक्रारींकडे दुर्लक्ष करतात, असं बायका उघड सांगत होत्या. काही बायकांना अटक झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनीच मारलं म्हणत वस्ती पुढे आली. दहा वर्षांनी सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्या दिवशीच्या नोटेत घटना, वेळ, जागा, दाखल झालेला गुन्हा एवढंच होतं. तक्रारींचं काय, असं आम्ही विचारलं. साहेबांनी खात्याची बाजू सावरली नाही, वरिष्ठांविरुद्धही बोलले नाहीत. म्हणाले, ‘माझ्या नोटेत त्या बायांचं म्हणणं नाही. ते तिथे जाऊनच मिळते. जा.’ प्रवक्त्याने वार्ताहराला आपल्या कागदापलीकडे पाठवावं, हे मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. मी कस्तुरबा नगरात गेले. त्या दिवसांत मी जे लिहिलं ते माझ्या कामातलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे, आणि ते त्यांच्या नोटेवर आधारलेलं नव्हतं.

अफवांच्या बाबतीत त्यांची एक पद्धत होती. १ जून २००६ ला पहाटे महालात संघ मुख्यालयाजवळ तीन सशस्त्र हल्लेखोर मारले गेल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. अशा दिवशी तासाभरात शहरात दहा गोष्टी फिरायला लागतात. साहेब पहिल्या निवेदनाबरोबरच पुढच्या निवेदनाची वेळ जाहीर करायचे आणि ती पाळायचे. नवीन काही नसेल तरी त्या वेळेला बाहेर येऊन ‘नवीन काही नाही’ असं सांगायचे. पुढची माहिती कधी मिळेल हे ठाऊक असलं की वार्ताहर इकडून तिकडून मिळालेलं छापत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने १ एप्रिल २०१० ला पोलिसांसाठी माध्यम धोरणाच्या सूचना काढल्या, त्यात हेच आहे: नेमलेल्या अधिकाऱ्यानेच बोलावं, लक्षवेधी प्रकरणात रोजची वेळ ठरवावी, पहिल्या ४८ तासांत अनावश्यक माहिती देऊ नये, अटक केलेल्यांना माध्यमांपुढे मिरवू नये. १३ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गृह मंत्रालयाला या विषयावर सविस्तर नियमावली तीन महिन्यांत करायला सांगितलं. म्हणजे तेरा वर्षांनंतरही ते पुरेसं झालेलं नव्हतं. यातलं बहुतेक सगळं सीताबर्डीपासून हाकेच्या अंतरावर एक फौजदार आधीपासून करत होता.

आता माहिती मोबाइलवर येते. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून संवेदनशील प्रकरणं वगळून एफआयआर संकेतस्थळावर चढतात. शहर पोलिसांचं ट्विटर खातं सप्टेंबर २०१९ मध्ये देशभर गाजलं. चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला होता आणि सिग्नल तोडल्याबद्दल तुझं चलान करणार नाही, उत्तर दे, अशा आशयाचं ट्वीट त्यांनी केलं होतं. मला ते आवडलं. पोलिसांशी लोक हसून बोलताहेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण १७ मार्च २०२५ ला महालात दंगल उसळली, संचारबंदी लागली, आणि जळालेल्या कापडाबद्दलची एक अफवा फोनाफोनांतून शहरभर धावली, तेव्हा मी दिवसभर एका गोष्टीची वाट पाहत होते: ठरलेल्या वेळेला एक जबाबदार माणूस समोर येऊन सांगेल की एवढं खरं आहे, एवढं खोटं, आणि पुढचं इतक्या वाजता. पोलीस आयुक्तांनी निवेदनं केली, सायबर पोलिसांनी अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले. ते आवश्यकच होतं. तरी प्रत्येक आयुक्तालयात या टेबलावर बसणाऱ्या माणसाला किमान काही वर्षं तिथेच ठेवावं, वाटेल तेव्हा उचलून दुसरीकडे पाठवू नये, असं मला तळमळीने वाटतं. विश्वास हा खात्यावर नंतर बसतो, आधी माणसावर बसतो. साहेबांच्या ‘नवीन काही नाही’वर आम्ही विश्वास ठेवायचो, कारण ते कालही खरं निघालं होतं.

ते आता मानेवाड्याला राहतात. सकाळी चार पेपर घेतात, मराठी आणि हिंदी, आणि गुन्ह्यांच्या बातम्या पेन घेऊन वाचतात. गेल्या दिवाळीत मी फराळाला गेले होते, तेव्हा टेबलावर एक कात्रण होतं. एका लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी, नाव नाही, पण शाळेचं नाव, इयत्ता आणि मामाचं गाव छापलेलं. त्यांनी शाळेच्या नावाखाली रेघ ओढली होती. ‘पोरी, यांच्या संपादकाचा नंबर आहे का तुझ्याजवळ?’ म्हणाले. मी दिला. चकली तशीच ताटात ठेवून ते फोन लावायला आत गेले, आणि आतून त्यांचा तोच सावकाश, एकेक शब्द सुटा करणारा आवाज यायला लागला: ‘नमस्कार. मी एक वाचक बोलतो आहे.’